लूत लागलेला पाहुणा

वाळवंटातल्या त्या टोळीत नौफाशी भांडून आजवर कोणी सुखाने जेवलं नव्हतं. नवरा हयात होता तेव्हा तोच तिला भिऊन असे. तो गेल्यावर तिच्या जिभेला मोकळं रान मिळालं. त्यात तिच्या भावाच्या पोराने, सुवैलिमने, अभयारण्याची नोकरी धरली, खाकी अंगावर चढवली आणि पहिल्याच वर्षी डोंगरामागची दरी शेळ्यांना बंद केली. रानबोकडांना चारा उरला पाहिजे म्हणे. त्या दरीत नौफाच्या आजीपासून शेळ्या चरत आल्या होत्या. तेव्हापासून आत्या-भाच्यांत धड बोलणं उरलं नव्हतं. ती त्याला ‘सरकारी बोकड’ म्हणायची, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

अशा नौफाच्या तंबूत एका दुपारी खराखुरा रानबोकड शिरला.

बोकड कसला, बोकडाचं भूत. मागे वळलेली शिंगं तेवढी डौलदार. बाकी अंगावर केस उरले नव्हते; राखाडी पापुद्र्यांचे थर साचले होते आणि त्यांच्या भेगांतून पाणी सुटलं होतं. पापण्या सुजून मिटल्या होत्या. तो तंबूच्या दोरांना अडखळला, मधल्या खांबाला अंग घासू लागला आणि घासता घासताच खाली बसला. नौफाला किळस आली. लूत तिला नवी नव्हती. जन्मभर तिने शेळ्या-उंटांना डांबर फासलं होतं. चुलीतलं लाकूड उचलून ती त्याला हाकलणारच होती, तेवढ्यात चढावर सुवैलिम दिसला. खांद्याला बंदूक होती.

तो दोरांपाशी थांबला. “आत्या, त्याला बाहेर काढ.”

“कोणाला?”

“आंधळी आहेस का? लूत आहे त्याला. वर दरीत आणखी मेलेत. डॉक्टर म्हणतात, दिसेल तो आजारी मारा आणि जाळा, नाहीतर डोंगरावर एक बोकड राहायचा नाही. आणि तुझ्या शेळ्या...”

“माझ्या शेळ्यांचा कळवळा तुला? दरी बंद केलीस तेव्हा कुठे होती ही माया?”

“अगं, तो किडा कातडीत बीळ करून राहतो. डोळ्याला दिसत नाही. या अंगावरून त्या अंगावर जातो. खांबालासुद्धा लागला असेल आता. ऐक माझं.”

त्याचं बरोबर आहे हे नौफाला कळत होतं. पण बरोबर बोलणारा सुवैलिम होता, आणि तेच तिला सोसेना. नवरा मेला तरी चालेल पण सवत विधवा झाली पाहिजे, त्यातली गत. तिने लाकूड परत चुलीत टाकलं आणि बोकडासमोर उभी राहिली.

“हा माझ्या दोरांच्या आत आलाय. माझ्या आसऱ्याला आहे.”

सुवैलिमला आधी थट्टा वाटली. “जनावराला कसला आसरा?”

“माझ्या बापाने लांडग्यापुढून पळालेल्या सशाला दिला होता. तुझा आजाच तो. तीन दिवस त्याला कोणी बोट लावलं नाही. तुझ्यात हिंमत असेल तर झाड गोळी माझ्या तंबूत, आणि मग काळं तोंड घेऊन फिर टोळीत!”

तंबूच्या दोरांच्या आत शिरलेल्याला तीन दिवस आसरा, ही टोळीची रीत. खाकी घातली तरी पोरगा त्याच तंबूंमधला. आसऱ्यातल्यावर हात टाकणाऱ्याला सख्खा बापही पंगतीला घेत नाही. तो समोरच्या खडकावर जाऊन बसला, बंदूक मांडीवर ठेवून. तीन दिवस तिथेच राहिला. नौफा मुद्दाम दाराशी चहा उकळायची, वास त्याच्यापर्यंत जायचा, आणि तिने एकदाही कप पुढे केला नाही. परक्या वाटसरूचाही असा अपमान कोणी करत नाही.

बोकडाला मात्र तिने शेळ्यांपासून लांब, पडद्यामागे बांधलं आणि डांबर फासलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उघड्या कातडीने कुडकुडत होता, तेव्हा शिव्या देतच तिने त्याच्यावर घोंगडी टाकली. “मर मेल्या, पण माझ्याकडे नको. बाहेर तो दात काढेल.”

तिसऱ्या सकाळी बोकड मेला. लुतीने की डांबराने, कोण जाणे. सुवैलिमने हातमोजे घालून त्याला पोत्यात भरलं. “घोंगडीही दे. जाळायची आहे.”

“माझ्या हातची वीण आहे ती. तुझ्या डॉक्टरला म्हणावं, बायकोची जाळ.”

तो पोतं ओढत निघून गेला. नौफाने घोंगडी झटकली, दिवसभर उन्हात टाकली, आणि संध्याकाळी दरवर्षीप्रमाणे नवी करडं त्याच घोंगडीवर निजवली. उन्हापुढे काय टिकतं, असं तिने स्वतःला बजावलं. आपण हे त्याच्यावरच्या रागाने करतोय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

महिना गेला नसेल, करडांच्या नाकाडांवर पांढरी खपली धरली. मग कळपाची म्होरकी शेळी कान दगडाला घासू लागली. नौफा चरकली. तिने चोरून डांबर फासलं आणि कोणी विचारलं तर गोचीड झालेत म्हणून सांगू लागली. शेजारच्या तंबूतली सब्हा ताक घुसळायला आली, तर तिला पाठीच्या दुखण्याचं कारण सांगून परत पाठवलं. डांबराने खपली मऊ व्हायची आणि शेजारी नवी यायची. म्होरकी चारा सोडून दिवसभर अंग घासत राही.

आणि पाण्याचा दिवस आला.

आसपासच्या तंबूंना झरा एकच. लुतीचा कळप तिथे सगळ्यांच्या शेवटी उतरतो, आणि त्याआधी मालकाने खिंडीतून ओरडून सांगायचं असतं, म्हणजे बाकीचे आपापली जनावरं हटवतात. लपवलेलं उघडकीला आलं तर त्या घराला पुन्हा झरा नाही. ओरडावं तर सुवैलिम खरा ठरणार, आणि साऱ्या खोऱ्यात तिचं हसं होणार. न ओरडावं तर गर्दीत कोणाला काय दिसतंय? शेळ्या परवापासून तहानलेल्या होत्या. खिंडीत पाण्याचा वास येताच त्या पुढे रेटू लागल्या. नौफा काठी आडवी धरून उभी राहिली.

खाली सब्हाचा कळप पीत होता. त्यापलीकडे जीपला टेकून सुवैलिम उभा होता आणि सरळ वर तिच्याकडे बघत होता. घोंगडी राहिली तिथे लूत राहिली, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो कोणाला बोलला नव्हता. नौफाला त्याचा संताप आला. आपण स्वतःच्या हाताने तोंड काळं करतो का, हे बघायला थांबलाय मेला!

सब्हाने मान वर केली. तिने हात हलवला. “ये गं नौफा! पाठ बरी आहे का? उतर, जागा आहे!”

नौफाने काठी आणखी घट्ट धरली. मग ती ओरडली, सगळी दरी ऐकेल अशी.

“लूत! माझ्या शेळ्यांना लूत आहे! मागे घ्या आपली जनावरं!”

एकच गलका उठला. दगड मारून, शेपट्या ओढून बायका कळप हटवू लागल्या. सब्हा दोन्ही हात वर करून किंचाळली, “माझी करडं तुझ्या करडांत चरली, सटवे! आत्ता वाचा फुटली तुला? तुझी पाठ मोडो!”

नौफाने उलट उत्तर दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

सुवैलिम चढ चढून वर आला. म्होरकीचा कान उलटून पाहिला, करडं एकेक उचलून पाहिली. “आत्या, मी त्या दिवशी...”

“सांगितलं होतंस. घे, तुझं खरं झालं. आता पाणी कुठे पाजू ते सांग.”

“जीपला टाकी आहे. सगळ्यांना सुई टोचावी लागेल, घोंगडीपासून गोठ्यापर्यंत सगळं जाळावं लागेल.” तो थांबला. “ही म्होरकी वाचायची नाही. ही तीन करडंही. त्यांचे हाल करण्यात अर्थ नाही.”

“गोळी?”

“हो.”

म्होरकी तिच्या गुडघ्याला अंग घासत होती. नौफाने तिला ढकललं नाही.

“आधी पाणी पिऊ दे त्यांना,” ती म्हणाली. “पोटभर. मग बंदूक माझ्याकडे दे. तू मारलंस तर मरेपर्यंत तुला शिव्या देत बसेन मी, आणि या वेळी तुझा दोष नाही.”

सुवैलिमने खांद्यावरून बंदूक उतरवली.