सजवलेली रायफल

साक्षीच्या हाती हवेची रायफल आली, तेव्हा दौलतमामाला ती अंगावर मणीसुद्धा नसलेल्या नवरीसारखी वाटली. कुणा नेमबाजाने वापरून सोडलेली, साधा लाकडी दस्ता, सरळ नळी. मामा मंडल कार्यालयात कारकून. घरात लेकरू नाही. बहिणीची ही पोर कॉलेजसाठी इचोड्याला त्याच्याकडे आली आणि त्याच्या मायेला जागा सापडली. उगादीच्या पाडव्याला त्याने गालाखालची वरखाली होणारी पट्टी आणली. मग खांद्याला टेकायची जड पाटी, मग नळीला अडकवायची वजनं. एक झालं, दोन झाली, तिसरं झालं. मोठे नेमबाज असंच लावतात, हे तो रोज जेवताना मोबाइलवर पाही.

“दौलतभाऊ, पोळ्याचा बैल करून ठेवला तुमी या रायफलीचा,” नेमबाजी शिकवणाऱ्या सुनयनाताई म्हणत. “त्या दिवशी बैलाले औताले जुंपत नाई कोनी.”

“काऊन? झूल टाकली तं बैल दुबळा होते का?” मामा हसून उडवून लावी.

साक्षी मान खाली घालून छर्रे मोजत बसे.

राज्याच्या संघासाठी आदिलाबादला निवडचाचणी होती. चौघीच घ्यायच्या होत्या, आणि तिच्या वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. नियमाने रायफल साडेपाच किलोच्या आत हवी. मामाने ती आदल्या दिवशी बाजारातल्या कापसाच्या काट्याला टांगली. पाच किलो चारशे! मामा खूश. हा काटा वजन खातो, कमी दाखवतो म्हणून हंगामभर सगळा बाजार व्यापाऱ्याला शिव्या घाली, आणि त्यात मामाचा आवाज सगळ्यांत चढा. पण आज आकडा मनासारखा निघाला होता. त्याच्याशी भांडायचं मामाला सुचलं नाही.

सकाळी तपासणीच्या टेबलावर काटा थांबला. “पाच किलो छे सौ अस्सी. जादा है,” तपासनीस म्हणाला. “पंद्रा मिनट में कम करके लाओ.”

मामा काट्यावर वाकला. “कालच तं तोलली, बाप्पा...”

“कुठं?” सुनयनाताईंनी विचारलं. त्याने सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याचं त्याला उमगलं.

“एक वजन काढू पोरी,” तो घाईने म्हणाला. “एकानं भागते.”

“सगळंच काढा, मामा.”

त्याने वर पाहिलं. साक्षीचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नव्हता. “चार महिने झाले, खांदा भरून येते. तिसाव्या गोळीनंतर हात कापते. तुमी एवढ्या हौसेनं आनता, म्हनून बोलली नाई मी.”

जमिनीवर मांडी घालून मामाने एकेक स्क्रू सैल केला. माहेरी आलेल्या लेकीच्या अंगावरचे दागिने बायका उतरवतात, तसा हळू, ओरखडा न पडू देता. वजनं रुमालात बांधली, पाटी, पट्टी बांधली. त्याच्या हातात उरली ती पहिल्या दिवशीचीच, हलकी पोर.

नळी हलकी झाल्याने सरावाच्या गोळ्या नेमाच्या वर गेल्या. नेम बसवता बसवता वेळ सरत आला. मग खरी मोजणी सुरू झाली, आणि मामाने प्रत्येक गोळीला श्वास धरला. तीस झाल्या. चाळीस. हात कापला नाही. साठाव्या गोळीनंतर फळ्यावर नावं लागली. साक्षी चौथी, पाचवीपेक्षा चार दशांश पुढे.

सुनयनाताईंनी तिला मिठी मारली. मामा मात्र रुमालाचं गाठोडं घेऊन भिंतीशी उभा होता, चुकून वरातीत शिरलेल्या माणसासारखा.

साक्षी त्याच्याकडे आली. “मामा, दस्ता मले बोटभर लांब होते. तेवढा कापून देसान का?”

“कापू?”

“तुमच्याच हातानं. दुसऱ्या कोनाले देनार नाई मी.”

मामाने गाठोडं खाली ठेवलं. तिला रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि तिच्या कोपरापासूनचं अंतर बोटाने मोजू लागला. “उभी राह्य नीट,” तो म्हणाला. “हलू नको, माय. आता तूच सांग, कुठं टोचते?”