सात वाजता कुसाबाई

कुसाबाईंनी केळीच्या सोपटाने बांधलेली शेवंतीची वेणी कितीही झटकली तरी फूल गळत नसे. सगळी करामत एका गाठीची. पण आता त्यांची बोटं आखडू लागली होती आणि ती गाठ दुसऱ्या कुणालाच जमत नव्हती. सून दीपमाला चार वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकत होती. प्रत्येक वेळी गाठ सुटे.

“तुझ्या हातात जीवच नाय!”

“तुमचेच हात उलटे हायत, आत्या,” दीपमाला म्हणे. कुसाबाई डावखुऱ्या होत्या.

सायखेड्यात मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. आता संध्याकाळी ओट्यावर मुलं जमवतो. त्यांतलीच तेजल, कुसाबाईंची नात, आठवीतली. गाठ हरवू नये म्हणून ती आजीचे मिनिटभराचे व्हिडिओ मोबाइलमधल्या एका ॲपवर टाकू लागली. रोज सात वाजता नवा भाग, शेवटी अर्धवट गाठ आणि ‘बाकी उद्या’. सात वाजले की माझा ओटा रिकामा!

आठव्या दिवशी बाईंच्या मुलाने, योगेशने, ते ॲप टीव्हीवर लावलं. मुलांमागोमाग मीही गेलो. दारात चपलांचा ढीग होता, गावात पहिला टीव्ही आला तेव्हा असायचा तसाच. मोबाइलने माणसं कोपऱ्याकोपऱ्यात बसवली असं मी समजत होतो. तोच आता भिंतीवर चढून साऱ्या गल्लीला एका सतरंजीवर घेऊन आला होता.

पडद्यावर परातीएवढे हात उमटले. कुसाबाई ओरडल्या, “हे माझे हात नायत! ही बाई उजव्यानं बांधतीय!”

सगळे हसले. तेजल रडवेली झाली. “आजीला स्वतःला दिसावं म्हणून फोन तिच्या डोक्यावर टांगला, पुढचा कॅमेरा लावून. त्यात आरशासारखं उलटं येतं, सर. पुसून टाकू?”

“थांब,” मी म्हणालो. दीपमालाने सोपट हातात घेतलं होतं. तिची नजर पडद्यावर होती आणि बोटं आपोआप चालली होती.

“पहिल्यापासून लाव गं,” ती पुटपुटली.

आठही भाग एकामागून एक लागले. शेवटच्या भागात गाठ पुरी होत होती. डावा हात पडद्यात शिरून उजवा होऊन बाहेर आला होता, आणि ते हात आता दीपमालाचेच वाटत होते.

वेणी पुरी झाली. कुसाबाईंनी ती घेतली आणि जोरात झटकली. मग आणखी एकदा. मी जमिनीकडे पाहिलं. एक पाकळीही नव्हती.

बाईंनी पडद्यावरच्या त्या उजव्या हाताच्या बाईकडे बोट केलं.

“चार वर्सं मी शेजारी बसले,” त्या हळूच म्हणाल्या, “आन् शिकवलं हिनं.”

मग आखडलेल्या बोटांनी त्यांनी ती वेणी दीपमालाच्या अंबाड्यात माळली.