नळी असलेला माणूस बोलत नाही

आजोबा मला भोंगा म्हणतात. आधी राग यायचा. पण शाळेच्या कार्यक्रमात माइक बंद पडला आणि मी नुसत्या घशावर अख्खं मैदान गप्प केलं, तेव्हापासून ती पदवी मी मिरवते!

आई अॅम्ब्युलन्सवर असते. श्वास थांबलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालायची, तिला फुगा जोडायचा आणि तो दाबत दाबत हॉस्पिटल गाठायचं, हे तिचं काम. जेवताना ती हे रंगवून सांगते, तेव्हा आजोबा म्हणतात, "अगं, घास तरी गिळू दे."

त्या दुपारी त्यांनाच घास गिळता आला नाही. सफरचंदाची फोड अडकली. मी पाठीत धपाटे घातले, पोट दाबलं, अॅम्ब्युलन्सला फोन केला. ते निळे पडून कोसळले. आणि दारात आईच! मागे तिचा कामावरचा जोडीदार, ज्याला मी दादा म्हणते, आणि ड्रायव्हरकाका. आईने लांब चिमट्याने फोड काढली. नाडी होती, श्वास नव्हता. तिने नळी घातली. छाती वर आली.

"बाबा, आता आगाऊपणा नाही करायचा हं," फुगा दाबत ती म्हणाली.

लिफ्ट बंद होती. जिना अरुंद. नळीतून श्वास जातोय की नाही हे दाखवणाऱ्या यंत्राची वायर अडकायला लागली, म्हणून दादाने ती तेवढ्यापुरती काढली. मी दाराला कुलूप लावून आईची औषधांची पेटी घेऊन मागून निघाले.

वळणावर स्ट्रेचर कलंडलं, सावरलं. तेवढ्यात आजोबांचा आवाज आला, अगदी नेहमीचा.

"ए भोंग्या, ओरड की!"

पण आवाज मागून आला. मी वळून वर पाहिलं. आमचं कुलूपबंद दार. बाकी कुणी नाही.

"आई! आजोबा बोलले!" मी बोंबलले.

मला वाटलं, आई आनंदाने रडेल. तिचा चेहराच उतरला. "थांबा! खाली ठेवा! नळी असलेला माणूस बोलत नाही."

नळी घशातल्या आवाजाच्या पडद्यांमधून जाते. माणूस बोलला, म्हणजे ती सरकलीय. दादाने वायर जोडली. यंत्रावर श्वासाची रेघ सपाट. आईने नळी उपसली, मास्कने श्वास दिला आणि जिन्यातच गुडघे टेकून पुन्हा नळी घातली. रेघेवर डोंगर उमटले.

अॅम्ब्युलन्समध्ये दादाने हळूच विचारलं, "तुम्ही ऐकलंत, ताई?"

"नाही. तू?"

"छे. शुद्धच नव्हती त्यांना. बोलतील कसे?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भोंगा पहिल्यांदाच बंद पडला होता.

आजोबा घरी आले, घसा बसलेला. आवाजाबद्दल त्यांना सांगायचं नाही, अशी आईची ताकीद होती. परवा मी बूट घालत होते, तेव्हा तेच पुटपुटले, "जिन्यात हाक मारली, तर तू वळलीस. थेट माझ्याकडे बघितलंस. मग ओळख का दिली नाहीस गं?"

"कुठे होता तुम्ही?"

"दाराशीच. मला न घेताच निघाला होतात ना सगळे."

आता शाळेला निघताना दार ओढलं की मी जोरात हाक मारते. आजोबा आतून ओ देतात. तरी जिन्याचं वळण ओलांडेपर्यंत मी मागे बघत नाही.