डोणगावच्या बाजारात कुत्र्याची साक्ष

बाजाराच्या दिवशी डोणगावची माणसं सौदे सोडून मध पाहायला लोटली होती. मधुनाथ महाराजांनी ताटलीत मध ओतला आणि आपला काळा कुत्रा सोडला. कुत्र्याने ताटली पाहिली, शेपूट पायात घातली आणि मागे सरला.

"पाह्यलं? अस्सल मधाले कुत्रं तोंड लावत नाही! परीच्या कड्यावरचा मध हाय हा. डोळ्यात घाला, आंधळा सुई ओवन!"

अस्सल मधाची हीच परीक्षा गावात पणजोबांपासून चालत आलेली. महाराजांचं निम्मं काम गावानेच करून ठेवलं होतं.

तानुबाई दुसरी बाटली घ्यायला उभी होती. तिच्या नवऱ्याचे, पंजाबरावांचे, डोळे आले होते. मागच्या बाजारी नेलेला मध तिने आधी डाव्या डोळ्यात घातला. तो डोळा चिघळला आणि त्याने दिसेनासं झालं. श्रद्धा कमी पडली, असं महाराजांचं म्हणणं. आता उजवा लाल झाला होता. तिला रडू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. आत सगळं बधिर झालं होतं.

"महाराज, आता गावचं कुत्रं बोलवू," गर्दीतून आवाज आला. बोलणारे मेहकरच्या दवाखान्याचे डॉक्टर भगवंतराव होते, फिरतीवर आलेले. गावच्या कुत्र्याने ताटली चाटूनपुसून साफ केली.

"म्हणजे मध नकली!" लोक ओरडले.

"थांबा." डॉक्टरांनी बाजारात विकायला आलेलं मोहोळ सगळ्यांसमोर पिळलं. कुत्र्याने तेही चाटलं. "आता हे बी नकली काय? कुत्र्याले गोड आवडते, बस." मग त्यांनी महाराजांच्या ताटलीत भाकरी टाकली. काळा कुत्रा भाकरीपासूनही कुईकुई करत मागे सरला. "याले ताटलीपाशी मार खायची सवय लावली हाय."

डॉक्टरांनी दोन पेल्यांत दोन्ही मध पाण्यात कालवले आणि जखमेला लावायच्या आयोडिनचा एकेक थेंब टाकला. मोहोळाचा मध तांबूस राहिला. महाराजांचा काळानिळा झाला.

"ही निळाई कांजीची. गुळाच्या पाकात तांदळाची कांजी घातली, म्हणून असा दाट झाला."

महाराज बोचकं घेऊन केव्हाच सटकले होते.

तानुबाईने विचारलं, "डाक्तरसाहेब, अस्सल असता तर डोळा वाचला असता काय?"

"नाही बाई. दुखऱ्या डोळ्यात अस्सल बी घालू नये. दुसरा डोळा आजच दाखवा, अजून वाचू शकते."

तिने मान डोलावली. शेजारी शालूबाई लेकीच्या डोळ्यांसाठी घेतलेली बाटली अजून पदराखाली धरून होती. असू द्यावी, कामी आली तर आली, असा तिचा चेहरा. तानुबाईने बाटली काढून घेतली, मातीत उपडी केली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज रडवेला झाला.

"म्या कुत्र्याले विचारलं, बाई. तू डाक्तरले विचार."