ठिकाणाचा रकाना

केसरीनाथ सरांनी कापडी फलकावरून ‘आरोग्य’ ही पुठ्ठ्याची अक्षरं सोडवली, टाचण्या दातांत धरल्या आणि त्याच जागी ‘विज्ञान’ टोचलं. ‘मंडळ’ हा शब्द फलकावर कायमचा शिवलेला होता, त्यामुळे दर वेळी निम्मं काम आधीच झालेलं असे. समोरच्या पंधरा पोरांनी सांगायची वाट न बघता जागा बदलल्या. आरोग्याला पुढे बसलेली विज्ञानाला मागे उभी राहिली, आणि दहावीतल्या दीपेशने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला.

“कुणाचा रे चष्मा?”

“क्षितिजाचा, सर. विज्ञानाला लागतो.”

“बरं. दात झाक. शास्त्रज्ञ हसत न्हाईत.”

फोटो निघाला. घड्याळात साडेआठ वाजले होते आणि अकरांपैकी सात मंडळं उरकली होती. दप्तरमुक्त शनिवारी पोरांनी दप्तराविना यावं आणि आवडीचं काहीतरी करावं, असा वरून आदेश होता. कामतघरच्या त्या शाळेत केसरीनाथ सर चित्रकला शिकवत आणि उरलेला सगळा उत्साह एकट्याच्या खांद्यावर वाहत. फोटो पोर्टलवर चढवायचे आणि खाली अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. अहवाल मात्र ते असा लिहीत की वाचणाऱ्याला घाम फुटावा. त्यांच्या हरित सेनेने कागदावर इतकी झाडं लावली होती, की ती सगळी उगवली असती तर कामतघर नाक्यावर रिक्षांच्या रांगेत एखादा वाघही नंबर लावून उभा दिसला असता. साहस मंडळाने माहुलीचा किल्ला एका सत्रात तीनदा सर केला होता, तोही मधल्या सुट्टीत.

लबाडी म्हणावी तर तीत स्वार्थ नव्हता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत शाळेला जिल्ह्याची उपक्रमांची ढाल एकदाही मिळाली नव्हती. सहा महिन्यांनी सर निवृत्त व्हायचे होते. मुख्याध्यापिकेच्या खोलीत, घड्याळाखाली, त्या ढालीसाठी त्यांनी खिळा ठोकून ठेवला होता. तो तेरा वर्षं रिकामा होता.

अकरांतलं सरांचं लाडकं म्हणजे पक्षीनिरीक्षण मंडळ. त्याला वही होती. दिनांक, वेळ, पक्षी, संख्या, ठिकाण, असे आखलेले रकाने होते. अक्षर चांगलं म्हणून नववीतल्या रुचिकाला सचिव नेमलं होतं. तिचे वडील मागावर रात्रपाळी करत, आई कापडाच्या घड्या घालायला जाई. पोरगी बोलायची थोडं आणि बघायची फार. शनिवारी सर खुर्चीत मागे रेलून डोळे मिटत आणि सांगत:

“लिही. आठ वाजून दहा मिनिटं. स्वर्गीय नर्तक, नर, एक. ठिकाण दापोडे, सातव्या गोदामाचं फाटक.”

“सर, तिथे तर कंटेनर लागतात.”

“कंटेनरवरच बसला होता. लिही.”

ती लिहायची. वर्षभरात भिवंडीत पक्ष्यांच्या एकशे बारा जाती येऊन गेल्या होत्या. त्यांतल्या काही हिमालयातून खाली कधी उतरतच नाहीत, पण सरांच्या शब्दाला मान देऊन आल्या होत्या.

तसं एकदा हे मंडळ खरोखरही बाहेर पडलं होतं. गेल्या साली राहनाळच्या नाल्यावर, बाभळीला सुगरणींची घरटी लटकलेली सरांना घराकडून येताना दिसली. शनिवारी चाळीस पोरं घेऊन ते गेले, फोटो उत्तम निघाला आणि निघताना दीपेशने बांबूने सहा घरटी खाली पाडून प्रयोगशाळेसाठी आणली. सरांनीच त्याची पाठ थोपटली. घरटी काचेच्या कपाटात मांडली, खाली नावाची चिठ्ठी लागली. रुचिकाने एका घरट्यात हात घातला आणि बाहेर काढला तो फुटलेल्या अंड्याने ओला होता. ती नळावर बराच वेळ हात धूत होती. सरांनी ते पाहिलं होतं, आणि पोर्टलवर ‘विद्यार्थी निसर्गाशी एकरूप’ असं लिहिलं होतं.

श्रावणातल्या एका मंगळवारी तपासणीला साहेब आले. दौलतराव त्यांचं नाव. पक्ष्यांतले त्यांना कावळा आणि कोंबडी एवढेच ओळखू येत, पण नवा उपक्रम म्हटला की ते ताठ बसत. प्रयोगशाळेत टेबलावर अकराच्या अकरा मंडळांची कागदपत्रं मांडली होती. मुख्याध्यापिका मृणाली मॅडम एका बाजूला, केसरीनाथ सर दुसऱ्या बाजूला. साहेबांनी नऊ फायली अंगठ्याने फरफर उलटल्या, चहा घेतला आणि पक्ष्यांची वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“हे काय आहे?” ते मोठ्याने वाचू लागले. “शिंपी. जोडी. दोन पानं एकमेकांना शिवून घरटं. दोरा मागावरचा, पॉलिस्टर, हिरवा. टाके बारा. शेवटच्या टाक्याला गाठ नाही, दोऱ्याचं टोक फुलवून ठेवलंय. अंडी तीन.”

केसरीनाथ सरांनी मान पुढे काढली. हे त्यांनी कधी सांगितलं होतं? ते आठवू लागले आणि आठवेना. आपल्या थापांना ते पोटच्या पोरांसारखं ओळखत, आणि हे पोर त्यांचं नव्हतं.

“मॅडम,” साहेबांनी वहीवर तळहात ठेवला. “मागाच्या गावात पक्षीसुद्धा मागाचा दोरा वापरतो. याला म्हणतात परिसराशी जोडलेला उपक्रम. बाकी शाळा काय दाखवतात, कागदाची फुलं. ढाल तुमची, मी आत्ताच सांगतो.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी नकळत शर्टाची कॉलर सारखी केली.

“शुक्रवारी येतो,” साहेब म्हणाले. “तालुक्यातले चाळीसेक मुख्याध्यापक सोबत आणतो. व्हिडिओ करणारा माणूस आहे आपल्याकडे. पान जरा उलगडून आत कॅमेरा धरला की अंडी स्वच्छ दिसतील. पण इथे ठिकाण लिहिलेलं नाही. रकाना रिकामा आहे. कुणी लिहिलंय?”

रुचिकाला वर्गातून बोलावून आणलं. ती दाराशी उभी राहिली.

“ये बाळ. फार छान नोंद आहे. ठिकाण लिहायचं राहिलं वाटतं?”

“राहिलं नाही, साहेब.”

“मग?”

“तसंच ठेवलंय.”

साहेब हसले. “आम्हाला सांग, आम्ही लिहू.”

तिने नकाराची मान हलवली. मॅडम म्हणाल्या, “रुचिका, शाळेच्या ढालीचा प्रश्न आहे. साहेब विचारतायत.”

“मला ढाल नको, मॅडम.”

“तुला कोण देतंय? शाळेला मिळणार आहे. हे बघ, सांगत नसशील तर वडिलांना बोलावून घेईन. आत्ता. झोपले असतील तर उठवून.”

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा उठवणं म्हणजे काय, हे त्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. रुचिकाचा खालचा ओठ आत गेला. तिने मॅडमकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. ती भिंतीकडच्या काचेच्या कपाटाकडे बघत राहिली. सरांची नजर तिच्या नजरेमागून गेली आणि तिथे, चिठ्ठी लावलेल्या सहा घरट्यांवर येऊन टेकली. वरचं एक घरटं एव्हाना बुरशीने काळं झालं होतं.

“बोल,” मॅडम म्हणाल्या. “की फोन लावू?”

“साहेब,” केसरीनाथ सर म्हणाले, “ती नोंद खोटी हाय.”

साहेबांनी वहीवरचा तळहात उचलला.

“म्हणजे?”

“म्हणजे अक्षर पोरीचं, थाप माझी. मी सांगितलं, तिने लिहिलं. ठिकाण सुचलं न्हाय म्हणून रकाना ऱ्हायला. ती बिचारी काय सांगेल?”

“सर—” रुचिका म्हणाली.

“तू गप ऱ्हा. मोठी माणसं बोलताना मधी बोलू नको.”

साहेबांनी चष्मा काढला. “केसरीनाथ, तुम्ही शासकीय तपासणीच्या वहीत थाप लिहिलीत?”

“लिहिली, साहेब. वय झालंय, मोह झाला. पॉलिस्टरने कुठं पक्षी शिवतो का? तुम्हीच सांगा.”

“मलाही शंका आलीच होती,” साहेब म्हणाले. शंका त्यांना सरांचं बोलणं ऐकून आत्ताच आली होती, पण माणसाला थोडी सूट द्यावी. त्यांनी मागची पानं चाळली. “आणि बाकीच्या नोंदी?”

“बाकीच्या सगळ्या खऱ्या.”

“हा स्वर्गीय नर्तक? दापोड्यात?”

“मी जातीने बघितलाय, साहेब. हातभर शेपूट. कंटेनरवर बसला तर खालचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा ऱ्हायला.”

साहेबांनी समाधानाने मान हलवली. मग लाल पेन काढून त्यांनी त्या एका नोंदीवर पट्टी धरून आडवी रेघ मारली, शेजारी ‘असत्य’ लिहिलं आणि सही केली. एकशे बारा जातींपैकी एकशे अकरा शाबूत राहिल्या. शुक्रवारची भेट रद्द झाली. ढाल पलीकडच्या शाळेत गेली, जिथे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा किल्ला होता. सरांकडून अकराही मंडळांचं काम काढून घेतलं आणि दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला. मॅडम त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. शेवटी एकच वाक्य बोलल्या, “निदान या वर्षी तरी तोंड मिटून बसायचं होतंत.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर चित्रकलेच्या खोलीत कोरा कागद पुढे घेऊन बसले होते. खुलासा म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण ‘सदर घरटे कल्पित असून’ इतकं लिहून झाल्यावर पेन तिथेच टेकून राहिलं आणि कागदावर शाईचा ठिपका पसरला. दारात रुचिका येऊन उभी राहिली. हातात अर्धी पोळी होती.

“तुम्ही ते खोटं का म्हणालात?”

“मंग काय म्हणू? चाळीस मुख्याध्यापक तिथं उभे करू? एकेकाचं पोट बघितलंस का? झाड कलंडलं असतं.”

ती हसली नाही. “तुम्ही तर बघितलंच नाही ते.”

“न्हाय.”

“मग खरं आहे हे कशावरून धरलंत? मीही थाप मारली असेल.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “अगो पोरी, मी साऱ्या जन्मात एक रकाना रिकामा सोडला न्हाय. थापेला तारीख लागते, वेळ लागते, फाटकाचा नंबर लागतो. नसेल तर माणूस विचारतो. रिकामं सोडायची छाती खरं बघितलेल्याचीच.” “आणि ते दोऱ्याचं टोक फुलवलेलं. ते मला शंभर वर्षांत सुचलं नसतं.”

“सुचायचं काय त्यात? तसंच आहे.”

“तेच म्हणतोय.”

रुचिकाने पोळीचा घास घेतला आणि चावत उभी राहिली. “वहीत लाल रेघ आलीय.”

“येऊंदे. खालचं वाचता येतंय ना?”

“येतंय.”

बाहेर मैदानात पोरांचा गलका चालला होता. सरांनी खुर्ची जरा पुढे ओढली, दाराकडे एकदा पाहिलं, आणि लहान पोराने विचारावं तसं हळूच विचारलं, “कुठं हाय गो?”

तिने पोळी खाली घेतली. सरांकडे बघितलं, त्यांच्या टेबलावरच्या अर्धवट लिहिलेल्या कागदाकडे बघितलं.

“नाही, सर.”

“मी कुणाला सांगणार न्हाय.”

“तुम्ही सांगाल, सर. मुद्दाम नाही सांगणार. पण गोष्ट सांगता सांगता सांगाल.”

सर आधी रागावल्यासारखे झाले. मग त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. छत्तीस वर्षांत त्यांना इतकं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं; घरच्या बाईनेही नाही, आणि तिने प्रयत्न काही कमी केले नव्हते.

“बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले. “जा, घंटा होईल.”

ती निघाली. दारापासून चार पावलं पुढे जाऊन परत आली.

“सकाळी बघितलं, सर. चोची वर आल्यात. तीन.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

ती गेली. केसरीनाथ सरांनी टोपण काढलं, ठिपका पडलेला कागद चुरगळून नवा घेतला आणि एका दमात लिहून काढलं. सदर घरटे कल्पित असून, निम्नस्वाक्षरीकाराने संपूर्ण परिसरात समक्ष फिरून खात्री केली असता शिंपी या नावाचा कोणताही पक्षी येथे पूर्वी नव्हता, सध्या नाही व पुढेही येण्याचा संभव दिसत नाही, तरी कोणीही पाहण्यास येण्याची तसदी घेऊ नये. खाली त्यांनी ठसठशीत सही केली.