तेवीस नोंदी

माळधामणी तांड्यावर चौसष्ट घरे आहेत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत त्यांपैकी त्रेपन्न घरांना जमीन चार वेळा हलल्याचे जाणवले. उरलेल्या अकरा घरांना तेवीस वेळा.

ही अकरा घरे ख्रिस्ताला मानणाऱ्या कुटुंबांची.

हे आकडे मला तांड्याचे नाईक प्रेमदास यांनी शाळेच्या ओसरीवर ऐकवले. शाळेच्या एका खोलीत आमच्या संस्थेने सप्टेंबरअखेर भूकंपमापक यंत्र बसवले होते आणि त्याच्या नोंदी उतरवून घ्यायला मी डिसेंबरात आलो होतो.

“सायब, आमच्या पायाखालची जमीन अन् त्यांच्या पायाखालची येगळी हाय काय?” प्रेमदास म्हणाले. “हरिचंद रोज उठून सांगून राहिला, आज हाललं, आज हाललं. बाया भेल्या. लेकरं शाळेत येईनात. भ्या दाखवून माणसं वळवायचा धंदा हाय हा.”

हरिचंद हा त्यांचा सख्खा चुलतभाऊ आणि त्या अकरा घरांचा वडीलधारा. त्याच्याकडे या तेवीस धक्क्यांची वही होती. वही खोटी निघाली तर गावठाणावरची प्रार्थनेची पत्र्याची शेड उतरवायची, असे तांड्याच्या बैठकीत ठरले होते. पुढची बैठक मी आल्यापासून अकराव्या दिवशी होती. निवाडा यंत्रावरून व्हावा, ही सूचना हरिचंदचीच.

मी कोणताच देव मानत नाही. त्यामुळे वही खोटी असणार, असे गृहीत धरूनच मी त्याच्या घरी गेलो.

घरात टीव्ही नव्हता. दारू, तंबाखू, जत्रा, मिरवणूक या कशातच ही माणसे नसतात. असे वेगळे का राहता, असे मी विचारले.

“येगळं कुठं?” हरिचंद म्हणाला. “हळद काढाया समदे संगंच जातो. दुखण्याखुपण्याला संगंच असतो. जगाचा गलबला तेवढा घरात घेत न्हाई.”

“आमच्या लग्नात डीजे न्हाई म्हणून तांड्यातली पोरं जेवाया येत न्हाईत,” त्याची बायको निर्मलाबाई म्हणाली. “मंग दोन दिवस वरण आमीच खातो. तेवढीच तकलीफ.”

वही त्यांची मुलगी शिला लिहीत असे. तारीख, वेळ, किती जणांना जाणवले. एक नोंद खोडून बाजूला लिहिले होते, ‘ट्रॅक्टर होता.’ दुसरीसमोर, ‘दोघांनाच. खात्री नाही म्हणून धरले नाही.’ प्रशिक्षित निरीक्षकांच्या नोंदीही मी तपासल्या आहेत. असा प्रामाणिकपणा त्यांत क्वचित दिसतो.

“भीतीपोटी एखादी जास्तीची लिहिली गेली असेल?” मी विचारले.

“सर, रविवारी सगळ्यांपुढं वाचावी लागते,” शिला म्हणाली. “कोणी म्हनलं, असं न्हाई झालं, की तिथंच काट.”

वही यंत्राशी ताडून पाहिली. तेवीसच्या तेवीस धक्के यंत्रात सापडले. प्रत्येक नोंद प्रत्यक्षापेक्षा दोन मिनिटे पुढे होती, कारण शिलाचे घड्याळ दोन मिनिटे पुढे होते. मागाहून रचलेल्या वहीत चूक इतकी एकसारखी राहत नाही.

वही खरी होती. पण प्रेमदासांचा प्रश्न तसाच उरला. ही अकरा घरे तांडाभर विखुरलेली होती, खाली तोच काळा खडक होता आणि भिंतीही तशाच होत्या. हे उत्तर दिल्याशिवाय बैठकीत कोणी यंत्रावरही विश्वास ठेवला नसता.

यंत्राने दोन महिन्यांत एकूण दोनशे सत्तेचाळीस धक्के टिपले होते. वहीतले चार मोठे धक्के साऱ्या तांड्याला जाणवलेले. राहिलेले एकोणीस पहाटे पाच ते सहा आणि संध्याकाळी सात ते आठ याच वेळांतले निघाले. या दोन तासांत यंत्रात एकवीस धक्के होते. म्हणजे त्यांचे फक्त दोन हुकले. इतर वेळी ही माणसे शेजाऱ्यांइतकीच अनभिज्ञ होती. हे दोन तास प्रार्थनेचे.

मी दोन्ही वेळा शेडमध्ये जाऊ लागलो. निर्मलाबाईंनी मानाने प्लास्टिकची खुर्ची दिली, वर गोधडीची घडी. बाकीचे सर्व कोब्यावर गुडघे, कोपरे आणि कपाळ टेकून निःशब्द असत. तिसऱ्या पहाटे अचानक एकेक बोट वर झाले. शिलाने बोटे मोजली. मला काहीही कळले नव्हते. यंत्रात मात्र धक्का होता. पाच दिवसांत असे दोनदा झाले.

सहाव्या दिवशी मी खुर्ची बाजूला ठेवली आणि त्यांच्यासारखाच टेकलो. दोन दिवस फक्त गुडघे दुखले. आठव्या दिवशी संध्याकाळी एक बारीक थरथर गुडघ्यांतून शिरून कपाळापाशी निघाली. मी बोट वर केले. यंत्रानेही तोच क्षण दाखवला.

बैठकीत मी आकडे वाचले, मग खुर्चीची हकीकतही सांगितली.

“म्हंजे आता आमी बी गुडघे टेकावं काय?” प्रेमदास म्हणाले. लोक हसले.

“टेक की, दादा,” हरिचंद म्हणाला. “टीव्ही तेवढा बंद करून टेक.”

प्रेमदासही हसले. शेड उतरवायची नाही, असे त्यांनीच सांगितले.

चार आणि तेवीस यांतल्या फरकाचे कारण असे. हे धक्के अतिशय क्षीण होते. चालत्याबोलत्या किंवा बाजेवर झोपलेल्या माणसाला ते कळत नाहीत. ते कळायला शरीर जमिनीला टेकलेले आणि निश्चल असावे लागते आणि भोवती आवाज नसावा लागतो. माळधामणीत दिवसातले दोन तास अशा स्थितीत राहणारी अकराच घरे आहेत.