न उचलायचा फोन

काकूंच्या माहेरी फोन वाजला की तो कुणी उचलत नसे. उचलायचा नाही, मोजायचा. एकदा वाजून थांबला तर काकू परदेशात खुशाल आहेत. दोनदा वाजला तर पैसे पाठवलेत. तीनदा वाजला तर रविवारी बोलायचंय, फोनजवळ बसून राहा. एवढ्या तीन गोष्टी कळल्या की घरच्यांचं भागत असे. परदेशी राबायला गेलेल्या बाईला याहून जास्त काही सांगायचं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ही युक्ती काकूंचीच. त्या राहत त्या वसतिगृहातल्या इंटरनेटवरून घरी बोलता येत नसे. बायकांना कामाला आणून राबवून घेणाऱ्या मुकादमबाईंनी तशी सोय बंद करून ठेवली होती, कारण परदेशी बोलायची कार्डं त्याच विकत. कार्ड नावाला तासाचं आणि बोलायला पाव तासाचं. समोरच्याने नुसतं 'हॅलो' म्हटलं की कार्डाची भूक खवळे. पण समोरच्याने फोन उचललाच नाही, तर मात्र कार्डाला उपाशी बसावं लागे. काकूंनी ही मेख बरोबर हेरली. कार्डावरून केलेल्या फोनला नंबर दर वेळी भलताच दिसे, म्हणून ओळख घंटांवरून.

माहेरी काकूंची म्हातारी आई या नियमाची पहारेकरीण होती. घंटा ऐकू आली की ती स्वयंपाकघरातून ओरडे, "उचलू नको गं! तिचे पैसे जातील!" मग काकूंची लेक पुस्तक मिटून घंटा मोजायची आणि आजीला अर्थ सांगायची.

लेकीचे वडील गेल्यावर काकू तिला आई-भावाच्या घरी ठेवून इथे आल्या होत्या. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात त्या इस्त्रीला होत्या. दिवसभर पांढऱ्या चादरी. मनगटावर चटक्यांच्या खुणा. लेकीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष चाललं होतं. ते एकदा पार पडलं की गंगेत घोडं न्हालं, म्हणून काकू चटके मुकाट सोसत होत्या.

त्या दिवशी सकाळी मुकादमबाई हसतच इस्त्रीच्या खोलीत आल्या.

"काकू, तोंड गोड करा! तुमची लेक येतेय आपल्याकडे. आमचा माणूस आत्ता तुमच्या भावाकडे निघालाय. पोरीची सही झाली की पुढच्या तुकडीत ती इथे."

काकूंनी इस्त्री उभी केली. "तिचं शिक्षण चाललंय."

"शिकून शेवटी काय करणार? नोकरीच ना? ती इथे तयार आहे. शिवाय मायलेकी एकत्र राहाल."

"मला कुणी विचारलं नाही."

"तुमच्या भावाने होकार दिलाय की. घरच्या कर्त्या माणसाला विचारलं, आणखी कुणाला विचारायचं?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घराचा कर्ता कोण, हे दर महिन्याला दोन घंटा वाजून सगळ्या घराला सांगत होत्या.

मुकादमबाईंची पाठ वळताच काकूंनी भावाच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन लावला. त्याने तो लगेच उचलला. त्याला घंटा मोजायची सवय नव्हती.

"ताई, अगं सगळं ठरलंय. दोन वर्षांचा तर करार आहे. घरावर दुसरा मजला चढेल. तू कशाला जिवाला लावून घेतेस? तो माणूस दारात आलाय बघ. ठेव आता, तुझे पैसे जातील."

आणि त्याने ठेवलासुद्धा. बहिणीच्या पैशांची काळजी भावाला जन्मात पहिल्यांदाच लागली होती.

काकूंनी लेकीचा नंबर लावला. घंटा मोजायचा फोन तो हाच, लेकीचा; साधा, बटणांचा, आणि कार्डावरून संदेश जात नसे. एक घंटा, दोन, तीन. चौथी, पाचवी. पोरीने उचलला नाही. कशी उचलेल? चांगलं वळण लावलं होतं ना! तिकडे म्हातारीने दिलेली आरोळी काकूंना इथे ऐकू आल्यासारखी झाली. घंटा संपल्या आणि लाइन कट झाली.

तेव्हा काकूंच्या ध्यानात आलं की आपल्या या भाषेत 'नाही' म्हणायची सोयच नाही. खुशाल आहे, पैसे पाठवले, रविवारी बोलू. भाषा आपणच घडवली, आणि 'नाही' तेवढं घालायचं राहून गेलं. स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"काय झालं?" समोरून रेडिओने विचारलं. रेडिओ म्हणजे काकूंची चादरीची जोडीदारीण. दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या, आणि तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव. काकूंनी तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"मग? आता रडत बसणार?"

"रडायला वेळ कुणाला आहे? वाजवत बसणार."

"किती?"

"ती उचलेपर्यंत. आणि नाहीच उचलला, तरी त्या माणसाला त्या घरात धड एक वाक्य बोलू देणार नाही."

रेडिओ खूश झाली. "फुकटात भांडण! काकू, हे तुम्ही आधी का नाही शिकवलंत?" तिने स्वतःचाही फोन काढला आणि टेबलावर ठेवला.

मग सुरू झालं. काकूंच्या फोनची घंटा संपली की रेडिओचा फोन लागे, तो संपेस्तोवर काकू पुन्हा तयार. एक हात चादरीवर, एक फोनवर. कोपऱ्याला कोपरा, घडीवर घडी, आणि दोन चादरींच्या मधल्या वेळात पुन्हा नंबर. दोन्ही फोनचे आवाज मोठे करून ठेवले होते. शेजारच्या टेबलावरच्या बायाही माना वळवून ऐकू लागल्या. कार्डातला एक पैसा जागचा हलत नव्हता.

आवाज ऐकून मुकादमबाई परत आल्या.

"हे काय चाललंय? कामाच्या वेळी फोन?"

"काम चालूच आहे. चादरी मोजून घ्या, एक कमी भरली तर बोला."

"काकू, मी साधी बाई नाही हं. रविवारची सुट्टी बंद करीन."

"करा बंद. माझ्या लेकीला तुमच्या चादरींना जुंपायचं नाही म्हणजे नाही."

"एवढा माज? कुणाच्या जिवावर?"

"तुमच्याच कार्डाच्या," काकू म्हणाल्या. "रोख पैसे देऊन घेतलंय." आणि मुकादमबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

एक घंटा. दोन. आणि मध्येच खटकन आवाज झाला.

"आई, थांब गं आता! आजीला घंटा मोजून मोजून घेरी येतेय."

काकूंच्या हातातली चादर गळून पडली. "सही केलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही केली, आई. तो माणूस आत्ताच गेला, चहासुद्धा न पिता. तो येऊन बसला आणि फोन सुरू झाला तो थांबेचना. एवढा तू जन्मात वाजवला नाहीस. मी मामाला म्हटलं, आई नाही म्हणतेय. मामा म्हणाला, ती तुझ्याशी बोललीच कुठे? मी म्हटलं, ऐक की, अजून बोलतेय."

रेडिओने तोंडावर हात दाबला.

"मामाने फोन बंद नाही केला?"

"करायला गेला होता! आजीने हातावर लाटणं मारलं. म्हणाली, हात लावशील तर खबरदार, चुकून उचलला गेला तर तिचे पैसे जातील."

धुलाईघरात हशा पिकला. मुकादमबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मग बये, तू इतका वेळ उचलला का नाहीस?" काकू म्हणाल्या. "माझा इथे जीव टांगणीला लागला होता."

"तुझं म्हणणं कळलं होतं की मला. मग उगाच तुझे पैसे कशाला घालवायचे?"

डोळ्यांना लावायला काकूंकडे पदर नव्हता, अंगात कामाचा डगला होता, म्हणून त्यांनी खाली पडलेली हॉटेलची पांढरी चादर उचलली आणि तिलाच डोळे पुसले. मुकादमबाईंच्या देखत.

तेवढ्यात पलीकडे झटापट झाली आणि म्हातारीचा आवाज आला, "कार्टे, उचललास कशाला? ठेव आधी! तिचे पैसे जातील!"

"जाऊ देत गं, आई," काकू म्हणाल्या. "माझेच आहेत."

आणि कार्ड संपेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.